मार्चमधला संत्र्याचा रस, नवतप्यातली कांडी

नागपुरात संत्र्याच्या आईसकांडीची आठवण मे महिन्यात झाली, तर उशीर झालेला असतो. अंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचं, फळ दिवाळीच्या आगेमागे येऊन जातं. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्याचं, फेब्रुवारीत सुरू होतं आणि एप्रिल लागेपर्यंत संपत येतं. पुढे पारा पंचेचाळिशीपार जातो, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागतो, पोरांना दुपारभर कूलरसमोर बसवून ठेवावं लागतं, आणि नेमकं तेव्हा संत्र्याच्या या शहरात ताजं संत्रं नसतं. म्हणून आमच्या घरी कांडीचं काम मार्चमध्ये सुरू होतं. रस तेव्हाच काढून गोठवून ठेवायचा, आणि उन्हाळाभर लागेल तसा वापरायचा.

माझं माहेर काटोलकडचं, बागेतलं. त्यामुळे फळाची ओळख लहानपणापासून आहे. पण रस गोठवायला लागल्यावर कळलं की संत्रं खाणं वेगळं आणि त्याची कांडी करणं वेगळं. सोलून खाताना गोड लागलेलं फळ कांडीत कडू निघू शकतं. ते का होतं आणि कसं टाळायचं, हे नीट समजलं की बाकी सगळं सोपं आहे.

फळ निवडताना

रसासाठी मृग बहाराचं फळ मला जास्त आवडतं, कारण त्यात गोडी असते. अंबियाचं आंबटगोड. त्याचीही कांडी छान होते, फक्त साखर थोडी वाढवावी लागते. फळ हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानानं जड लागलं तर रस आहे. साल फुगलेली आणि आतून सुटलेली, दाबल्यावर पोकळ वाटणारी फळं घेऊ नका. ती आतून कोरडी निघतात. सालीवर हिरवट डाग असतील तर काही बिघडत नाही. कळमन्याच्या घाऊक बाजारात पेटीनं घेणं परवडत नसेल, तर रस्त्याकडेच्या गाड्यांवर बारीक फळ स्वस्तात मिळतं. खायला ते लोक घेत नाहीत, पण रसाला उत्तम. एक किलोत मध्यम आकाराची सात-आठ फळं बसतात आणि साधारण ३५० ते ४५० मिलिलिटर रस निघतो. घरी चार माणसं असतील तर पहिल्या वेळी दीड किलो पुरे.

कडवटपणा कुठून येतो

पहिल्या वर्षी मी घाईत सोललेल्या फोडी तशाच मिक्सरमध्ये टाकल्या, फिरवल्या, गाळल्या. चाखून पाहिलं तेव्हा रस मधासारखा होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीनं कांडी तोंडात घातली आणि म्हणाली, "काकू, हे कडू लागून राहिलं." खरंच कडू होतं. मला वाटलं, फळच खराब निघालं. फळ चांगलं होतं, चूक मिक्सरची होती.

संत्र्याच्या बियांत लिमोनिन नावाचं कडू द्रव्य भरपूर असतं. बी फुटली की ते थेट रसात उतरतं. फोडीचं पातळ आवरण आणि सालीच्या आतला पांढरा भाग यांचा प्रकार मात्र वेगळा आहे. तिथे लिमोनिन तयार स्वरूपात नसतं, त्याचं मूळ द्रव्य असतं आणि ते कडू नसतं. आवरण चिरडलं गेलं की ते द्रव्य आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. म्हणून रस काढल्या क्षणी गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो. उष्णता लागली तर हा बदल आणखी लवकर घडतो. मोसंबीचंही हेच आहे. रसवाला मोसंबीचा रस देताना लगेच प्यायला सांगतो, त्यामागे हेच कारण आहे.

यातून चार नियम निघतात, आणि ते मी कधीच मोडत नाही. बी फुटू द्यायची नाही. आवरण चिरडायचं नाही. रसाला आच लावायची नाही. काढलेला रस बाहेर ठेवून द्यायचा नाही, त्याच तासात फ्रीजरमध्ये गेला पाहिजे.

रस काढायची माझी पद्धत अशी. फळं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते, म्हणजे रस थंडच निघतो. धुताना साल हातानं चोळून धुते, कारण बाजारातल्या बऱ्याच फळांवर चकाकीसाठी मेण चढवलेलं असतं. मग सोलून, फोडींवरचे पांढरे धागे जमतील तेवढे काढून, प्रत्येक फोडीची आतली कडा कात्रीनं कापायची. बिया तिथेच असतात, त्या बोटानं बाहेर येतात. आता फोड उघडून गर चमच्यानं सोडवायचा आणि आवरण टाकून द्यायचं. हा गर स्टीलच्या गाळणीत घेऊन वाटीच्या बुडानं हलक्या हातानं दाबायचा. एक किलोला अर्धा-पाऊण तास लागतो. घरात दोन-तीन माणसं सोबत बसली तर काम गप्पांत होऊन जातं. आमच्याकडे सासूबाई बिया काढतात, मी गर सोडवते.

इतका वेळ नसेल, तर फळ आडवं कापून काचेच्या किंवा प्लास्टिकच्या हातानं फिरवायच्या रसयंत्रावर दोन-तीन वेळा हलकं फिरवा. जोर लावून शेवटचा थेंब काढायला जाऊ नका. त्या शेवटच्या थेंबात सालीचं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरतो. आपण संत्र्याची साल जोरात दाबली की बोटाला जे झोंबतं, ते हेच तेल. थोडं असेल तर सुगंध, जास्त झालं तर जीभ चुरचुरते.

मार्चमध्ये साठवायचा असेल तर रस अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या डब्यांत भरा. डबा गळ्यापर्यंत भरायचा नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा दहावा हिस्सा रिकामा ठेवा. झाकणावर तारीख लिहा. चांगल्या फ्रीजरमध्ये दोन-अडीच महिने चव टिकते, म्हणजे मार्चचा रस नवतप्यापर्यंत पुरतो. वापरायच्या आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात ठेवायचा, आणि रस सुटला की लगेच कांडी भरायची. उरलेला अर्धा रस पुन्हा गोठवायचा नाही, तो पिऊन टाकायचा.

साखर किती आणि का

घरच्या कांडीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "दोनदा चोखलं की पांढरा बर्फच उरतो." याचं कारण साखर कमी पडणं आणि कांडी फार सावकाश गोठणं. पाणी गोठतं तेव्हा त्याचे स्फटिक साखरेला बाहेर ढकलतात. त्यामुळे कांडीत शुद्ध बर्फाचे कण आणि त्यांच्यामध्ये गोड पाक अशी रचना तयार होते. कण मोठे असले की चोखताना पाक चटकन निघून जातो आणि बिनचवीचा सांगाडा उरतो. कण बारीक असतील तर पाक त्यांच्यात अडकून राहतो आणि बर्फ-पाक एकत्र विरघळतात.

संत्र्याच्या रसात स्वतःची साखर साधारण १० टक्के असते. कांडीसाठी एकूण गोडी १६ ते १८ टक्क्यांपर्यंत न्यावी. १२ च्या खाली राहिलं तर कांडी दगड होते, दात लागत नाही. २५ च्या वर गेलं तर फ्रीजरमध्येही मऊ राहते, काडी ओढली की हातात काडीच येते. शिवाय गार तोंडाला गोडी कमी जाणवते. म्हणून मिश्रण चाखताना ते सरबतापेक्षा थोडं जास्त गोड लागलं पाहिजे. चाखून बरोबर वाटलं, तर गोठल्यावर फिकं लागणार हे धरून चाला.

साखर अजिबात न घालता कांडी करण्याची पद्धत हल्ली अनेक घरांत आहे. मुलांना नुसता रस द्यायचा असेल तर तो पेल्यात द्यावा, असं माझं मत आहे. कांडीत साखर नुसती गोडीसाठी नसते, कांडीचा पोत तीच सांभाळते.

मिश्रण

हे प्रमाण ७५-८० मिलिलिटरच्या आठ कांड्यांचं आहे. अर्धा लिटर संत्र्याचा रस, ६० ग्रॅम साखर (चहाच्या चमच्यानं सपाट भरून साधारण पंधरा चमचे), ६० मिलिलिटर पाणी, दोन चमचे लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ.

एका धुतलेल्या, न सोललेल्या संत्र्याची फक्त वरची केशरी साल बारीक किसणीवर हलकी किसून घ्या. अर्धा चमचा पुरतो. पांढरा भाग दिसला की थांबायचं. हा कीस साखरेत घालून बोटांनी मिनिटभर चोळा. साखर ओलसर आणि पिवळसर होईल, आणि स्वयंपाकघरात बागेतल्या तोडणीच्या दिवसासारखा वास सुटेल. बाजारचा इसेन्स मी कधी वापरत नाही, त्याची गरजच पडत नाही.

आता साखरेत पाणी घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळून पाक करायचा नाही. पातेलं उतरवून पूर्ण गार होऊ द्या, मग फ्रीजमध्ये ठेवा. कोमट पाक रसात ओतला तर रसाला आच लावल्यासारखंच होतं. थंड पाक गाळून थंड रसात मिसळा, लिंबू आणि मीठ घाला, ढवळा. मीठ खारटपणासाठी नाही. चिमूटभर मिठानं संत्र्याची चव वर येते.

सोडवलेल्या गरातला मूठभर गर न दाबता बाजूला ठेवला असेल तर तो आता घाला. कांडीत ते केशरी दाणे दिसतात आणि दाताखाली फुटतात. आमच्या इमारतीतली मुलं आधी तेच शोधतात.

साचे

तयार साचे इतवारीत, बर्डीवर कुठेही मिळतात. नसतील तर स्टीलची छोटी, वर रुंद आणि खाली निमुळती फुलपात्रं घ्या. सरळ कडांच्या भांड्यातून कांडी निघायला त्रास होतो. स्टीलमधून थंडी प्लास्टिकपेक्षा लवकर आत जाते, त्यामुळे मला तीच बरी वाटतात. कुल्फीचे अॅल्युमिनियमचे साचे मात्र संत्रं, कैरी, चिंच यांना वापरू नका. आंबट रस अॅल्युमिनियमला खातो आणि कांडीला धातूची चव येते. दुधाच्या कुल्फीला ते चालतात. मुलांना शाळेबाहेर मिळते तशी लांब नळीतली पेप्सी हवी असेल, तर खाद्यपदार्थांसाठी असलेल्याच नळ्या घ्या आणि नरसाळ्यानं भरा.

साचा वरून अर्धा सेंटिमीटर रिकामा ठेवायचा. लाकडी काड्या भरण्याआधी दहा मिनिटं पाण्यात भिजवा, म्हणजे त्या रसात तरंगत नाहीत.

गोठवणं

इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. दुपारी दोन वाजता स्वयंपाकघर तापलेलं असतं, फ्रीजचं दार दर दहा मिनिटांनी उघडतं, आणि व्होल्टेजही पडतं. अशा वेळी लावलेली कांडी संध्याकाळपर्यंत रेंगाळत गोठते आणि तिच्यात मोठे कण तयार होतात. कांडी रात्री जेवणं आटोपल्यावर लावा. दुपारीच फ्रीजरचं बटण सगळ्यात थंडवर फिरवून ठेवा, आणि रिकामे साचेही आत ठेवा. फ्रीज भिंतीला चिकटून असेल तर मागे चार बोटं जागा करा, नाहीतर त्याची गरम हवा अडकते. फ्रीजरच्या तळावर बर्फाचा जाड थर असेल तर आधी तो काढून टाका.

भरलेले साचे तळाला चिकटतील असे ठेवा, एकमेकांना चिकटवून नाही. साच्याला स्वतःचं झाकण असेल तर काडी सुरुवातीलाच बसते. फुलपात्र असेल तर तासा-सव्वा तासानं बघा. कडेनं गोठलं असेल आणि मधे भुसभुशीत बर्फासारखं झालं असेल, तेव्हा काडी उभी राहते. ती वेळ चुकू नये म्हणून तोंडाला फॉइल लावून, मधे चीर पाडून काडी त्यातून आधीच घालून ठेवता येते. मिश्रणात गर घातला असेल तर काडी घालतानाच एकदा हलकं ढवळा, म्हणजे तो खाली बसत नाही. पूर्ण गोठायला पाच-सहा तास धरा. सकाळपर्यंत दार उघडायचं नाही.

वीज नसेल किंवा फ्रीजर कमजोर असेल, तर जुनी रीत आहे: बर्फ आणि मीठ. मला तर या पद्धतीच्या कांडीचा पोत फ्रीजरपेक्षा जास्त आवडतो. मीठ बर्फाला वितळवतं, वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि ते खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही पातळच राहतं. पातळ असल्यामुळे ते साच्याला सगळीकडून भिडतं, म्हणून कांडी भराभर गोठते आणि कण बारीक होतात. आईसकांडीच्या कारखान्यातही साचे अशाच गार खाऱ्या पाण्यात सोडतात.

तीन किलो बर्फ फोडून सुपारीएवढे तुकडे करा, त्यात एक किलो खडे मीठ थरांनी घाला. जाड बुडाची बादली, बाहेरून पोतं किंवा जुनी चादर गुंडाळलेली. त्यात स्टीलची निमुळती फुलपात्रं गळ्याखाली दोन बोटं राहतील इतकी रुतवा. तोंडं फॉइलनं घट्ट बांधा, कारण खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत गेला तरी कांडी फेकावी लागते. अर्ध्या तासानं काड्या घाला. दीड-दोन तासांत कांडी तयार होते. बर्फाच्या कारखान्यातून आणलेला बर्फ पोटात जाऊ देऊ नका. निळसर रंगाचा बर्फ तर खाण्यासाठी नसतोच. तो फक्त बाहेरून थंडी देण्यासाठी. या पाण्याचं तापमान उणे दहा-पंधराच्या घरात जातं, तेव्हा मुलांना त्यात हात घालू देऊ नका. कातडी लगेच बधिर होते आणि नंतर फोड येतात.

संत्रं संपल्यावर

टरबूज एप्रिल-मेमध्ये हवं तेवढं असतं. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणून साखरेशिवाय कांडी हमखास दगड होते. बिया काढून ६०० ग्रॅम गर हातानं कुस्करा, गाळा, ५० ग्रॅम पिठीसाखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर काळं मीठ. याला आच अजिबात नको. टरबूज तापवलं की शिजवलेल्या भोपळ्यासारखा वास येतो.

कैरीचं उलट आहे, ती शिजवायलाच हवी. अर्धा किलो कैऱ्या कुकरमध्ये उकडून किंवा विस्तवावर भाजून अडीचशे ग्रॅम गर काढा. त्यात साडेतीनशे मिलिलिटर पाणी, १२० ग्रॅम किसलेला गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ. गूळ गाळून घ्या, खडे निघतात. भाजलेल्या कैरीची कांडी धुरकट लागते, आणि दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला त्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या सासऱ्यांना संत्र्यापेक्षा हीच प्रिय आहे. मुलांसाठी जिरं कमी करा.

जांभूळ पहिल्या पावसाच्या सुमारास येतं. पिकलेली जांभळं मीठ लावून चोळा, बिया काढा, ३०० ग्रॅम गराला २५० मिलिलिटर पाणी आणि ८० ग्रॅम साखर. जिभेला तुरट ओढ बसते ती थोडी कमी व्हावी म्हणून लिंबू न घालता मीठच जरा वाढवायचं. कपडे जपा.

मोसंबीची करायची असेल तर वर संत्र्याला सांगितलेलं सगळं तसंच पाळा, लिंबू मात्र दुप्पट घ्या.

काढणं आणि ठेवणं

साचा नळाखाली धरा. मेमध्ये टाकीचं पाणी आपोआप गरमच येतं, तेव्हा दहा सेकंद पुरतात. काडी फिरवू नका, सरळ वर ओढा. निघाली नाही तर आणखी पाच सेकंद. जोर लावला तर काडी सुटते.

काढलेल्या कांड्या लगेच खायच्या नसतील तर गार केलेल्या ताटात ठेवून दहा मिनिटं परत फ्रीजरमध्ये ठेवा. वरचा ओला थर कडक झाला की एकेक कांडी बटर पेपरमध्ये गुंडाळून बंद पिशवीत भरा. उघड्या ठेवल्या तर त्यांच्यावर बारीक बर्फ चढतो आणि शेजारच्या मटाराचा, मासळीचा वास लागतो. तीन आठवड्यांत संपवा. त्यानंतर खराब होत नाहीत, पण चव उतरते.

वीज गेली तर फ्रीजरचं दार बंदच राहू द्या, भरलेला फ्रीजर बराच वेळ थंडी धरतो. कांड्या पूर्ण वितळल्याच, तर त्या पुन्हा गोठवण्याच्या भानगडीत पडू नका. साच्यात परत गोठवलेल्या कांडीत मोठेच कण येतात, आणि गरमीत तासभर राहिलेला रस पोराबाळांना देणं बरोबर नाही. रस अजून गार असतानाच पेल्यात ओता, भिजवलेला सब्जा घाला, आणि दारात जो कोणी उन्हातून आला असेल त्याला प्यायला द्या.